खंडेनवमीला सर्व्हरला दिलेला विसावा

आमचं स्कॅन सेंटर गारखेड्यात. सीटी स्कॅनचं दुसरं मशीन तालुक्याच्या शाखेत. तिथले स्कॅन इथं डॉक्टर मॅडमकडं यायचे ते एफटीपी सर्व्हरवरून, म्हणजे फाईली पोचवणारी एक सेवा एका जुन्या कॉम्प्युटरवर अखंड चालू असायची. तिचा सांभाळ माझ्याकडं.

खंडेनवमीला सगळ्यांनी चालू मशीनलाच हळदकुंकू वाहिलं. मला मात्र चेव आला. "वर्षभर राबतंय बिचारं, दहा मिनिटं विसावा द्या," म्हणत मी सर्व्हर बंद केला, झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला, पेढा खाल्ला आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर उठला. एफटीपी उठेना.

तेवढ्यात शाखेतल्या टेक्निशियनचा फोन. "दादा, ट्रॅक्टरवरनं पडलेला पेशंट हाय. डोक्याचा स्कॅन झाला, पण फाईलच जाईना. शुद्ध हरपायलीय त्याची."

मी म्हणालो, "मोबाईलवर फोटो पाठव."

मॅडम मागंच उभ्या. "फोटो बघून कुणाचं डोकं उघडायला सांगू का हो मी? अख्खा स्कॅन पाहिजे."

मी आधी माळ काढली. मग कुंकू पुसलं. मग, सांगायला लाज वाटते, सर्व्हरची हात जोडून माफी मागितली. चार वेळा सुरू केला, चारही वेळा तोच नकार. घामानं बोटं कीबोर्डवरून घसरत होती. पुन्हा फोन. "झालं का, दादा?" आणि त्याच्यामागं एका बाईचा आवाज, "आबा, झोपू नका, बोला माझ्याशी."

"अहो, ते पडद्यावर काय म्हणतंय, ते तरी वाचा!" मॅडम कडाडल्या.

खरंच, मी वाचलंच नव्हतं. सेटिंगच्या फाईलमधली एक ओळ कळत नाही, असं तिथं सरळ लिहिलेलं. फाईल उघडली. दोन महिन्यांपूर्वी मी तिच्यात एक बदल करून वर रुबाबात सूचना लिहून ठेवली होती: माहीतगाराशिवाय कोणी हात लावू नये. सर्व्हरनं ती ओळ सोडून द्यावी म्हणून तिच्या सुरुवातीला एक खूण घालायची असते. ती खूण हा माहीतगार विसरला होता. चालू सर्व्हर फाईल पुन्हा वाचत नाही. आज उठल्यावर त्यानं पहिल्यांदा वाचली आणि तिथंच अडला.

ओळ पुसली. एफटीपी सुरू झाला. फाईली येऊ लागल्या. मॅडमनी उभ्याउभ्याच पाहिलं आणि फोन उचलला. "रक्त साचलंय. एक मिनिट थांबू नका, हलवा."

दुसऱ्या दिवशी टेक्निशियननं कळवलं, "ऑपरेशन झालं, दादा. आबा बोलले."

"काय बोलले?"

"ट्रॅक्टर कुठाय, इचारलं."

मी खूप हसलो. हसता हसता खुर्चीत बसावं लागलं. ती ओळ माझीच होती, हे मॅडमना सांगायला मात्र तिसरा दिवस उजाडला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "किती मिनिटं गेली हो आपली?"

बावीस. मी मोजली होती.