जहाजात चढवलेली लेक

धक्क्यावरची मोठी क्रेन चालवणाऱ्याला सगळे घारमामा म्हणत. बावीस वर्षं तो त्या उंच काचेच्या खोपटात बसून लोकांच्या डोक्यावरून ओझी फिरवत आला होता. माणूस अबोल, पण हात असा हलका की अंड्यांची पेटीसुद्धा न तडकता जहाजात उतरायची.

बंडखोरांनी शहराला वेढा घातला त्याला सातवा आठवडा लागला, तेव्हा लष्कराने समुद्रामार्गे निघून जायचं ठरवलं. निदान तसं म्हणत होते. सकाळी हुकूम आला, तोफा चढवा. दहा वाजता दुसरा साहेब म्हणाला, तोफा उतरवा, आधी कागदांची कपाटं. दुपारी कपाटंही खाली आली आणि जखमींच्या खाटा वर गेल्या. घारमामाने विचारणंच सोडून दिलं. मागे धडाके होत होते, पण ते बंडखोरांच्या टेकडीवरून येत होते की लष्करच आपली कोठारं उडवत होतं, काही उमगेना.

मुकादम तोंडाशी हात धरून खालून ओरडला, "मामा, क्रेनवाल्यांच्या घरच्यांना जागा दिलीय. तुमच्या घरी निरोप धाडलाय. शेवटची खेप चढवली की तुम्हीही या."

"शेवटची कुठली?"

"सांगतील."

चारच्या सुमारास बायको आणि लेक धक्क्यावर दिसल्या, लेकीच्या कडेवर नात. जावई दोन महिन्यांपासून बेपत्ता होता. बंडखोरांना मिळाला की मेला, कुणी छातीठोक सांगत नव्हतं. तिघी गर्दीत ढकलत ढकलत शिडीवर चढल्या. घारमामाला बरं वाटलं. त्याने पाण्याच्या टाक्या चढवल्या, मग एक जीप, मग कुणाचा तरी पियानो. पियानो हवेत असतानाच भोंगा वाजला आणि शिडी ओढली गेली. पियानो तसाच लटकत राहिला, जहाज हललं.

तो धापा टाकत खाली आला, तर बायको गाठोड्यावर बसलेली.

"तू इथे कशी?"

"उतरले. तुम्ही वर होतात ना अजून."

"आणि पोर?"

"ती बाळाला घेऊन आत होती. तिला हाक मारेपर्यंत शिडी गेली."

दोघं जहाजाकडे बघत उभी राहिली. धक्क्यावर आता हुकूम द्यायलाही कुणी नव्हतं. घारमामा पुन्हा वर गेला आणि पियानो हळूच जमिनीवर ठेवून आला. तसा टांगून ठेवणं त्याच्या जिवाला बरं वाटेना.

तिसऱ्या दिवशी बंडखोर शहरात शिरले. त्यांच्यातला एक दाढीवाला घारमामाच्या दारात येऊन उभा राहिला. आवाजावरून ओळखला, जावई.

"बाबा, ती कुठाय?"

बायकोनेच सांगितलं, "जहाजात. कुठल्या बंदरात गेलं, आम्हाला ठाऊक नाही."

जावई उंबऱ्यातच बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण त्याने फक्त विचारलं, "बाळ चालायला लागलं का?"

"भिंत धरून," घारमामा म्हणाला.

अकरा महिन्यांनी लेकीचं पत्र आलं. पत्ता मिळाल्याबरोबर जावई बंदूक ठेवून मच्छीमारांच्या होडीतून निघाला आणि पोचलाही. घारमामा पुढे सात वर्षं तीच क्रेन चालवत राहिला. आपण त्या दिवशी लेकीला वाचवलं की तिचा संसार तोडत होतो, असं तो कधी जेवताना मध्येच विचारायचा. बायको भाजी वाढत म्हणायची, "मला काय विचारता, मी तर उतरले होते."