कोपराची खूण

आमच्या घरात सनया दोन. एक माझे आजोबा पिराजी यांची. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची, आकाराम तात्यांची. आबांच्या सनईतून चाल निघायची. तात्यांच्या सनईतून एकच सूर निघायचा, चालीच्या आधी सुरू होऊन चाल संपेपर्यंत न तुटणारा. तात्यांच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली होती. तिच्यावर बोट उचलायचं कामच नव्हतं.

लग्नात सगळे आबांकडं बघायचे. तात्यांकडं फक्त बारकी पोरं, कारण त्यांचे गाल बेडकासारखे फुगायचे आणि फुगलेलेच राहायचे. एरवी तात्या मंगळवार पेठेत सायकलचं पंक्चर काढायचे. दुकानात आलेलं गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "तात्या, पंप कशाला घेतलायसा? तोंडानंच भरा की!" तात्या ते रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचे.

ह्या वाटणीची गोष्ट ते स्वतःच सांगायचे. दोघं लहान असताना त्यांच्या वडिलांनी घमेल्यात पाणी भरलं, दोघांच्या हातात पपईचा एकेक पोकळ देठ दिला आणि म्हणाले, फुंका, बुडबुडं तुटता कामा न्हाईत. गालात हवा साठवून ती सोडत राहायचं आणि तेवढ्यात नाकानं श्वास ओढायचा, ही त्याची युक्ती. "दादाचं बुडबुडं सारखं तुटायचं," तात्या सांगायचे. "माझं तुटंचनात. आई जेवायला हाका मारून दमली, तरी मी आपला बुडुबुडुबुडु. तर बा म्हणालं, ह्यो सूर धरणार. आन् घेतलं मेन."

"म्हणजे तुम्ही पास झाला म्हणून तुम्हाला नापास केलं?" मी एकदा विचारलं होतं.

"पास-नापास काय त्यात? सूर तुटला तर चाल कशावर चालंल गं?"

दोघांच्यात बोलणं कमी. वाजवताना तर फक्त दोन खुणा. सुरू करायची खूण म्हणजे आबांचं खाकरणं. आधी घशातल्या घशात एक बारीक "ह्हं", मग भांडं घासल्यासारखं "खर्रर्र", मग ओठ मिटून गप्प. ते गप्प झाले की तात्यांचा सूर लागायचा. थांबायची खूण म्हणजे आबांचं कोपर. शेवटची फिरकी घेतली की आबा उजव्या कोपरानं तात्यांना हळूच ढोसायचे. तात्या कधीच आपणहून थांबत नसत. एकदा आबा वाजवणं संपवून पाव्हण्यांशी बोलत बसले आणि ढोसायचं विसरले, तर ह्यांचं चालूच. मांडवातले लोक पोट धरून हसत होते.

आमच्या घराण्याची म्हणून एकच चाल होती, बोळवणीची. नवरी सासरी निघते तेव्हा वाजवायची. तिला शब्द नाहीत, नावही नाही. आबांच्या आजोबांपासून आलेली. माझी तानाबाई आत्या ह्याच चालीवर इचलकरंजीला गेली. माझ्या मोठ्या बहिणीला, प्रियदर्शनीला, आबा ती शाळेत असल्यापासून सांगायचे, "प्रिये, तुला म्या वाजवून घालवणार बघ." ती म्हणायची, "आधी जाऊ तर द्या मला!"

गेल्या श्रावणात आबा गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं आणि पुढच्या आठवड्यात रिकामेच परत आलो. वर्षाच्या आत कार्य करायचं म्हणून प्रियदर्शनीचं लग्न माघात धरलं. मुलगा कागलचा, राजवर्धन. बैठकीत कार्यालय ठरलं, आचारी ठरला, डीजे ठरला. तोवर दाराशी बसलेले तात्या म्हणाले, "बोळवणीला चाल वाजंल."

पप्पांनी मान वर केली. "वाजवणार कोण, तात्या?"

"बघू की."

"इचलकरंजीची पार्टी सांगू का? चांगली वाजवत्यात."

"त्यास्नी ही चाल कुठली?" तात्या म्हणाले. "दादानं पोरीला शब्द दिलाय."

 आबांची सनई पप्पांनी कधी हातात धरली नव्हती. आयटीआय केलं, एमआयडीसीत लागले. आबांनीही कधी धर म्हटलं नव्हतं.

मग तात्या चाल शोधायला निघाले आणि त्यांच्या मागं मी, कारण माझ्याबद्दल घरात समज आहे की हिनं एकदा ऐकलं की हिच्या तोंडातून निघतं. पहिल्यांदा गेलो गल्लीच्या तोंडाशी, दिलदार शूटिंगवाल्याकडं. कोल्हापुरातल्या निम्म्या लग्नांत आबा-तात्या वाजवायचे आणि दिलदारमामू शूटिंग करायचे. म्हटलं, कुठंतरी सापडेलच.

सापडली. एक सोडून सात लग्नं सापडली. पडद्यावर आबा, गाल फुगलेले, बोटं पळतायत. शेजारी तात्या. आणि आवाज? सिनेमातल्या गाण्याचा. दुसरं लग्न लावलं, दुसरं गाणं. आत्याच्या लग्नाची जुनी कॅसेट सीडीवर घेतलेली होती, तिच्यातही हीरो-हिरॉइन गातायत आणि आबा मुक्यानं फुंकतायत.

"मामू, खरा आवाज कुठाय?"

"ओ, ओरिजनल आवाज कोण ठिवतंय?" दिलदारमामू घाईघाईनं, एका दमात बोलतात. "नुस्ती भांडी, रडारड, आचाऱ्याची बोंबाबोंब! मी सगळ्यास्नी गाणी टाकून देतो की, एकदम फर्स्टक्लास, त्याचं काय जादा घेत बी न्हाय..."

बोलता बोलता त्यांनी पडद्याकडं बघितलं. तात्या पडद्याला नाक लावून आबांची बोटं बघत होते. दिलदारमामूंनी माऊसवरचा हात काढून घेतला. "तात्या," ते म्हणाले, पहिल्यांदाच हळू, "मला काय म्हाईत ओ."

"तुमचं न्हाय काय," तात्या म्हणाले. "परत लावा. आवाज बंद करून लावा."

मग दुपारभर तात्या बिनआवाजाची बोटं बघत बसले. घरी येऊन, आबांच्या सनईला हात न लावता, त्यांनी सायकलची तार कानशीनं घासून टोकदार केली आणि आपल्या सनईच्या भोकांतलं मेण उकरायला बसले. जुनं मेण दगडासारखं झालं होतं. काळे काळे तुकडे निघाले. भोकं मोकळी झाली तेव्हा त्यांनी सनई एकदा लांब धरून बघितली, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

आणि फुंकली. खोटं कशाला बोलू, टेम्पो रिव्हर्स घेतो तसा आवाज आला. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. मला हसू आलं, तात्यांनाही आलं. त्यांनी परत फुंकली, परत तेच. चार-पाच दिवस दुकान बंद करून आले की ते हेच करायचे. शेवटी सनई मांडीवर ठेवली आणि उजव्या हाताची बोटं पसरून बघत म्हणाले, "उठतच न्हाईत गं. त्यास्नी वाटतंय, खालीच बसायचं असतंय."

"मग तोंडानं म्हणा तात्या. तुम्हाला पाठ आहे ना सगळी? म्हणा, मी धरते."

तात्यांनी तोंड उघडलं. डोळे मिटले. तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं?"

"येत न्हाय."

"लाजताय काय?"

"लाजू कशाला? डोक्यातच येत न्हाय, निशे. सूर धरला की सगळी येती, पयल्यापासनं शेवटापतुर, दादा शेजारी बसल्यागत. सूर सोडला की ग्येली." त्यांनी गाल फुगवून दाखवले. "आन् सूर धरल्यावर तोंड कुठं मोकळं असतंय?"

ह्यावर मीच उपाय काढला. तात्यांनी भोकांत तात्पुरतं मेण भरून सूर धरायचा. मी मला आठवेल तशी चाल गुणगुणायची. बरोबर असेल तर त्यांनी डोळ्यांनी हो म्हणायचं, चुकलं तर मान हलवायची. गाल फुगलेला माणूस मान हलवतो तेव्हा फार गमतीचा दिसतो, पण हसायची सोय नव्हती. सुरुवात आली. मी लग्नांतून किती वेळा ऐकली होती. शेवटची फिरकीही आली. तात्यांच्या पायाचा अंगठा चालीबरोबर जमिनीवर पडायचा, त्यावरनं लांबी कळायची.

अडलं मधेच. सुरुवातीनंतर चाल कुठंतरी वर चढते आणि तिथं बराच वेळ राहते. तेवढा भाग माझ्याजवळ नव्हताच. मी आईला विचारलं, शेजारच्या मावशीला विचारलं, आत्याला फोन केला.

"सुरुवातीचं आठवतंय की," आत्या म्हणाली. "ल्ला ल्लला... असं. पुढचं? पुढं मी रडालतो की गं. सगळ्याच रडालत्या."

तीच गोष्ट सगळ्यांची. चाल वर चढायची त्याच जागी नवरी आईच्या गळ्यात पडायची आणि बायका मोठमोठ्यानं रडायच्या. तिथली चाल आजवर कुणीच ऐकली नव्हती. आबांनी वाजवली आणि शेजारी बसून तात्यांनी ऐकली, बस्स. मी अंदाजानं वर जाऊन बघितलं, खाली येऊन बघितलं, वळसे घालून बघितले. तात्यांची मान हलतच राहिली.

एका संध्याकाळी दोघंही कंटाळलो होतो. त्यांना हसवावं म्हणून मी आबांसारखं खाकरले. आधी "ह्हं". मग "खर्रर्र". मग ओठ मिटून गप्प.

तात्यांचा हात आपोआप वर गेला. सनई ओठाला लागली, सूर सुरू झाला आणि ते डावीकडं वळले. तिथं भिंत होती. तिच्याकडं बघत ते सूर धरून बसले. मग मीच घाबरून त्यांचा हात धरला आणि सनई खाली घेतली.

"वैनीम्होरं करू नगंस हे," ते म्हणाले.

वैनी म्हणजे माझी आजी, झुंबरबाई. ती आत भाजी निवडत होती. तिनं ऐकलंच असणार. पण ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी नवं मेण आणलं, ऊन दाखवून मऊ केलं आणि सगळी भोकं नीट, पक्की बुजवली. वरून बोट फिरवून गुळगुळीत केली.

"मग चाल, तात्या?"

"चाल दादाची व्हती. सूर माझा हाय. म्या माझं वाजवणार."

पप्पांना हे कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले. "नुसता सूर? तात्या, लोक म्हणतील साउंड बिघडलाय."

"म्हणूंद्यात."

लग्न कागल रोडवरच्या कार्यालयात झालं. आजी आली होती, पण मागच्या भांड्यांच्या खोलीतच बसून राहिली. प्रियदर्शनी स्वतः जाऊन पुढं चल म्हणाली, पप्पांनी हात जोडले. "शुभकार्यात म्या कशाला फुडं?" एवढंच ती म्हणायची आणि पदर ओढून घ्यायची. अक्षता तिनं खिडकीतून टाकल्या.

बोळवणीची वेळ झाली. तात्यांनी दाराशी सतरंजी टाकली आणि तिच्या उजव्या कडेला बसले. डावीकडं एका माणसाची जागा मोकळी. डीजे बंद झाला. तात्यांनी मला डोळ्यानं बोलावलं.

"खाकर," ते म्हणाले.

"आजी ऐकंल."

"खाकर गं."

मी खाकरले. माझ्या पुढं उभ्या असलेल्या पप्पांची पाठ एकदम ताठ झाली.

सूर लागला. प्रियदर्शनी एकेकाच्या पाया पडत दाराकडं येऊ लागली. मुलाकडच्या मंडळींत कुजबूज झाली. "वाजवा की पावणं, चाल वाजवा! का मशीनच अडकलंय?" कुणीतरी हसलं. तात्यांचा अंगठा सतरंजीवर पडत होता आणि त्या ठेक्यावर माझ्या डोक्यात सुरुवात चालू झाली होती. ती संपली. तात्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या, डोळे मिटले. त्याच वेळी प्रियदर्शनी आईच्या गळ्यात पडली, आणि तानाबाई आत्यानं जो हंबरडा फोडला, त्यानं सगळ्या बायका रडायला लागल्या. हसणारा गप्प झाला. मी कान लावून उभी होते. एकच सूर येत होता. तात्यांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी चढत होतं, वळत होतं, तिथंच थांबून राहत होतं.

भुवया खाली आल्या. शेवटची फिरकी मी मनात म्हटली, अंगठ्याबरोबर. अंगठा थांबला. चाल संपली होती.

गाडीचं दार लागलं. गाडी कार्यालयाच्या फाटकातून हायवेला लागली आणि दिसेनाशी झाली.

सूर चालूच होता.

"तात्या, झालं," पप्पा म्हणाले. तात्या डावीकडं, मोकळ्या जागेकडं बघत फुंकत होते. पप्पांनी खांद्यावर हात ठेवला. "तात्या, गेली ती. बास आता." तोंड लालबुंद झालं होतं, डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि फुगलेल्या गालावरून घसरून खाली पडत होतं. दिलदारमामूंनी कॅमेरा खाली केला. मंडळी लांबून बघत होती. मला खूण ठाऊक होती. मी एक पाऊल पुढं टाकलं, तेवढ्यात माणसं बाजूला सरकली.

मागच्या खोलीतून आजी आली होती. कुणाकडं न बघता ती सरळ सतरंजीपाशी आली, गुडघ्यावर हात टेकवत मोकळ्या जागेत बसली. पदर नीट केला. आणि आपल्या कोपरानं तात्यांना हळूच ढोसलं.

सूर थांबला.

कार्यालयात एकदम इतकी शांतता झाली की आतल्या आचाऱ्याचं पातेलं घासणं ऐकू आलं. तात्यांनी सनई मांडीवर घेतली. बराच वेळ ते नुसता श्वास घेत राहिले, इतरांसारखा, आत आणि बाहेर.

"वैनी," ते म्हणाले, "चाल आली का ऐकायला?"

"सुरवात आली," आजी म्हणाली. "शेवट बी आला."

"आन् मधली?"

आजीनं मान हलवली. "मधली मला कवाच आली न्हाय, भावजी. माझी लेक जाताना बी न्हाय. रडतच असायचो की आमी."

तात्यांनी सनईची पत्ती काढून पुसली आणि फडकं गुंडाळायला घेतलं.

"मला आली," ते म्हणाले.