हंड्यावरचं नाव

सिकंदराबादच्या एका छोट्या संग्रहालयात यंदा मोठी धांदल उडाली. इंग्रजांनी छावणी वसवली त्याला दोनशे वीस वर्षं झाली म्हणे, म्हणून केक, बँड आणि पाहुणे. ज्यांनी आपल्याला राबवलं त्यांचा वाढदिवस आपणच साजरा करायचा, काय हौस! पण तिथे झाडलोट करणारी काचीगुड्याची सुनंदा त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

कारण गोदामातून एक पितळी हंडा बाहेर निघणार होता. छावणीत पाणी भरणाऱ्यांचा तो हंडा, आणि त्यावर मोडीत नाव लिहिलेलं. संग्रहालयाचे पुण्याहून आलेले साहेब, ओंकार, यांना त्यातलं 'केरबा वल्द' एवढंच लागलं होतं. सुनंदाचे सासरे अप्पाराव यांचे आजोबा केरबा छावणीत पाणी भरायचे. 'वल्द'च्या पुढे केरबाच्या बापाचं नाव असणार, आणि तेच घरात कुणाला माहीत नव्हतं. पितरांना पाणी देताना तीन पिढ्यांची नावं घ्यायची. तिसऱ्या नावाशी अप्पाराव दरवर्षी अडत, भटजी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेत, आणि म्हातारा त्या दिवशी पानावरून उपाशी उठे. अप्पारावांना मोडी वाचता येत होती. पण डोळे विझत चालले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून समारंभाला येऊन ते नाव यंदाच वाचायचं त्यांनी ठरवलं होतं.

समारंभाच्या आदल्या दुपारी हंडा मागच्या अंगणात आला, तो काळाकुट्ट.

"धूळ तेवढी पुसून ठेवा हं," ओंकार म्हणाले.

धूळ तेवढी! एवढ्या काळ्यात मामंजींना दिसणार काय? आपल्याकडे भांड्यांवर नावं ठोकून घालतात, घासावं तितकी ती उठून दिसतात. सुनंदाच्या लग्नातल्या तांब्यावरचं नाव अजून जसंच्या तसं होतं. तिनं चिंच भिजवली, मीठ घेतलं, पदर खोचला आणि हंडा लखलखीत केला.

मग ती नाव शोधू लागली. हंडा फिरवला, पुन्हा फिरवला. हाताला लागलेल्या काळ्या पाण्यात रंगाच्या खपल्या दिसल्या. नाव ठोकलेलं नव्हतंच, रंगानं लिहिलेलं होतं.

"साहेब, फोटो असंल ना?"

फोटो होता, पण दुसऱ्या बाजूचा. ओंकार डोकं धरून बसले. सुनंदाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी तिनं मामंजींच्या धोतराला इस्त्री केली, पण हंड्याचं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पाराव कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले. बाहेर बँड वाजत होता. ते हंड्यावर वाकले.

"सुनंदा, कुठं गं?"

"मामंजी, मी घासलं. तुम्हाला नीट दिसावं म्हणून. समदं गेलं." ती त्यांच्या पायाशी कोसळली.

"पहिलं अक्षर तरी राहिलं असंल. हौ ना?" त्यांनी चकाकत्या पितळेवरून बोटं फिरवली. वरून खाली, कडेकडेनं, बराच वेळ. पाहुण्यांनी केक कापला, टाळ्या पडल्या.

मग त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले.

"यंदा पितरांच्या दिवशी भटजीला बोलावू नकोस," ते म्हणाले.

"असं नका बोलू, मामंजी!"

पण ते भिंत चाचपत दाराकडे निघाले होते.