गेंड्याच्या मागावर ऐकलेली हाक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा हसतच. सगळी नोकरी वीज मंडळात गेली. स्मशानाला लागून असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर एकट्याने फ्यूज बदलून आलेला माणूस मी. कुणी भूत दिसलं म्हणालं की मी आधी विचारायचो, नीट जेवला होतास का? त्यामुळे आज हे लिहायला बसलोय याचं माझं मलाच नवल वाटतं. पण आता ऐंशी ओलांडली. आणि एका भल्या माणसाबद्दल मी जे खोटं सांगून ठेवलंय, ते माझ्यामागे तसंच राहू नये. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

२००५ चा ऑक्टोबर. माझी मुलगी मेधा आणि जावई नितीन तेव्हा टेक्सासमध्ये, प्लेनोला राहायचे. त्या वर्षी आम्ही दोन्हीकडची मंडळी एकाच वेळी तिकडे जमलो होतो. मी एकटा, कारण माझी बायको कुसुम आदल्याच वर्षी गेली होती. आणि नागपूरहून आलेले नितीनचे आईवडील, दिगंबरराव आणि शालिनीताई.

प्लेनोत घरं प्रशस्त, पण पायी जाणारं माणूस दिसायचं नाही. दिगंबररावांचा जीव घुसमटायचा. विदर्भातली जंगलं पालथी घातलेला माणूस तो. एक दिवस नितीनच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की, काही तासांच्या ड्राइव्हवर एक खाजगी अभयारण्य आहे, तिथे आफ्रिकेतले गेंडे मोकळ्या रानात ठेवलेत, आणि गाइड तुम्हाला त्यांच्या मागावर पायी घेऊन जातो. झालं! दिगंबररावांनी तो विषय सोडलाच नाही.

"व्याहीबुवा, चला बाप्पा. जीपमधून तर कोणीबी पाहते. पायी पाहू."

शालिनीताई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेधा, सांग गं तुझ्या सासऱ्यांना. गेंडाच बघायचाय तर वरच्या बाथरूममध्ये मोठा आरसा आहे."

सगळे हसलो. दिगंबरराव सगळ्यात जास्त. शेवटी नितीनने बुकिंग केलं.

आम्ही सकाळी पोचलो. उन्हं कोवळी होती, पण वारा कोरडा. चहूकडे मेस्किटची काटेरी झुडपं, मधे मधे सीडरची दाट राई, आणि पाणी आटलेला एक ओढा. आमचा गाइड उंच, पिकल्या मिशांचा, हळू बोलणारा. त्याचं नाव रॉय धरा. त्याने नियम सांगितले. एकामागोमाग एक चालायचं. बोलायचं नाही. गेंड्याला दिसतं कमी, पण वास आणि आवाज फार लांबून कळतो. आणि काहीही झालं तरी एकट्याने रांग सोडायची नाही.

शालिनीताईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या आणि मेधा गेटपाशी गाडीतच थांबल्या. आम्ही चौघे निघालो. पुढे रॉय, मग नितीन, दिगंबरराव, शेवटी मी. रॉयच्या हातात राखेने भरलेला जुना पायमोजा होता. थोड्या थोड्या वेळाने तो झटकायचा आणि राख कुठे उडते ते बघून वारा ओळखायचा. मातीत तीन बोटांचे ठसे दिसायला लागले, परातीएवढे. एका खोडाला कमरेच्या उंचीवर ओला चिखल लागलेला. रॉयने त्याला बोट लावून आम्हाला दाखवलं. म्हणजे गेंडा जवळच होता.

एका मोठ्या ओकपाशी ठसे दोन बाजूंना फुटले. रॉयने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना खुणेने तिथेच थांबवलं आणि नितीनला घेऊन पुढचे ठसे बघायला गेला. झुडपांआड दिसेनासे झाले दोघं. दिगंबरराव माझ्या कानाशी कुजबुजले, "घरी गेल्यावर हिला सांगतो, आरशातला देखणा होता."

मला हसू आवरेना. आणि तेवढ्यात...

"अहो..."

हाक डावीकडून आली. सीडरच्या राईतून. मोठ्याने नाही — स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचेल एवढीच.

माझं हसू जागच्या जागी थिजलं. कारण तो आवाज मी ओळखला. चौतीस वर्षं मला ज्या आवाजाने हाक मारली तो. शेवटचा 'हो' किंचित लांबवायचा आणि वर नेऊन सोडून द्यायचा, ही कुसुमची लकब. दुसऱ्या कुणाची ती असूच शकत नव्हती.

"अहो... जरा इकडे या बघू."

आतापर्यंत किरकिरणारे किडे गप्प झाले होते. वारा होता, पण त्या राईचं एक पानही हलत नव्हतं. वाचकहो, गेलेल्या माणसाची हाक एकदा तरी ऐकू यावी असं वर्षभर मला वाटत होतं. रोज रात्री वाटायचं. आणि ती आली तेव्हा मला फक्त पळून जावंसं वाटलं. त्या आवाजात माया नव्हती. आवाज तिचा, पण आत ती नव्हती... याहून नीट मला सांगता येत नाही.

दिगंबररावांनीही ऐकलं होतं. ते माझ्याकडे बघत होते.

"ऐकलं का जी?"

"ऐकलं," मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, ते अजून डोक्यात फिरतं. "विहीणबाई बोलावतायत तुम्हाला."

"मला?"

"हो. गाडीतून आल्या असतील. काही लागलं असेल त्यांना. जा तुम्ही, मी थांबतो इथे."

ते क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि रांग सोडून राईत शिरले.

मी ओकच्या खोडाला घट्ट धरून उभा राहिलो. त्यांच्या बुटांखाली काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मग आतून बारीक कुजबूज ऐकू आली. शब्द कळत नव्हते. आणि मग राईच्या कडेची झुडपं दबायला लागली.

गेंडा बाहेर येत होता. पण तोंड पुढे करून नाही. पाठमोरा! खोलीएवढं ते जनावर एकेक पाऊल मागे टाकत, मागचं अंग आधी काढत त्या झाडीतून बाहेर येत होतं. कान पुढे रोखलेले, शिंग राईकडे. अंगाची कातडी थरथरत होती. मी इतक्या जवळ होतो की त्याने मान वळवली असती तरी संपलो असतो. पण माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. पुरता बाहेर आल्यावर तो गर्रकन वळला आणि मेस्किट तुडवत पळत सुटला. दोन टनांचं जनावर कशाला भ्यालं असेल?

लगेच आतून दिगंबररावांची किंकाळी आली.

ते ओढ्याच्या कोरड्या पात्रात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. गेंड्याने त्यांना शिवलंही नव्हतं. धावता धावता काठ चुकला होता. किंकाळी ऐकून धावत आलेला नितीन रॉयवर ओरडत होता, म्हाताऱ्या माणसांना एकटं सोडलंसच कसं म्हणून. रॉय पांढराफटक पडला होता. त्याने मला एकच विचारलं, "व्हाय डिड ही लीव्ह?"

नितीनही माझ्याकडे बघत होता.

"मी नको म्हटलं होतं," मी म्हणालो. "ऐकलं नाही त्यांनी. एकटेच आत गेले."

स्ट्रेचरवर पडलेल्या दिगंबररावांनी ते ऐकलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हो. माझीच चूक."

रॉयने नंतर ती राई पायाखाली घातली. गेंड्याचे ठसे होते, दिगंबररावांच्या बुटांचे होते. तिसरे कुठलेच नव्हते. आणि शालिनीताई तर गाडीतून उतरल्याच नव्हत्या. मेधा सगळा वेळ त्यांच्या शेजारी बसलेली होती.

ऑपरेशननंतर एका दुपारी हॉस्पिटलमध्ये आम्ही दोघंच होतो. नितीन कॉफी आणायला गेला होता. दिगंबरराव छताकडे बघत आपणहून बोलायला लागले.

"बाई होती तिथं. पाठमोरी. अंगात गाऊन, मागून नाड्या बांधलेला... दवाखान्यात घालतात तसा. मी म्हटलं, कोण पाहिजे? वळली नाही. म्हणाली, 'तुम्ही नव्हे. ते झाडापाशी उभे आहेत ना, त्यांना पाठवा.'"

कुसुम गेली तेव्हा तिच्या अंगात तसलाच गाऊन होता. दिगंबररावांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. ते तेव्हा नागपूरला होते.

"मी हाक मारणारच होतो तुम्हाला," ते म्हणाले. "तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पलीकडं ते जनावर दिसलं. तिच्याकडं पाहत मागं मागं सरकत होतं. म्हटलं, गेंडा जिला भेते, तिच्यापुढं माणूस कसा पाठवू? हाक गिळली अन् उलटीकडं पळालो."

"मग हे घरी सांगितलं का नाहीत?"

"सांगून? ही म्हणेल, डोक्यालाबी मार लागला." ते हसले. मग माझा हात दाबून म्हणाले, "तुम्ही तिकडं परत जाऊ नका म्हणजे झालं."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. आवाज कुणाचा आहे हे मला पहिल्या हाकेलाच कळलं होतं, भीतीपोटी तुम्हाला पुढे केलं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात नितीन कॉफी घेऊन आला. मी कप हातात घेतला आणि बोललो नाही.

दिगंबरराव पुन्हा धड चालले नाहीत. २००८ साली गेले, तोवर वॉकर सुटला नाही. नागपूरला जेव्हा जेव्हा जायचो तेव्हा शालिनीताईंचं एकच सुरू असायचं. "व्याही नको म्हणत होते ना? मग नाक खुपसायला कोणी सांगितलं होतं?" ते निमूटपणे ऐकून घ्यायचे. माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी चहा पीत बसायचो.

गेल्या महिन्यात शेवटी मी शालिनीताईंना फोन केला आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं.

मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांना शेवटपर्यंत उगाच बोलले."

मग त्यांनीच विचारलं,

"आणि हाक काय आली म्हणालात? 'अहो'?"

"हो. दोनदा."

"मी त्यांना जन्मात कधी 'अहो' म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. मी 'दिगू' म्हणायची. सासूबाईंना चालायचं नाही, म्हणून चारचौघांत हाकच मारायची नाही. मेधाला सांग, नितीनला सांग, असं करून चालवलं आयुष्यभर. तुमच्या कसं लक्षात आलं नाही व्याही?"

नव्हतं आलं. आमच्या वयाची बायको नवऱ्याला 'अहो'च म्हणणार, हे मी धरूनच चाललो होतो.

म्हणजे ओकखाली 'मला?' असं विचारलं, तेव्हा दिगंबररावांना पक्कं माहीत होतं की ती हाक त्यांची नाही. तिथे दुसरा माणूस मीच होतो. मी खोटं बोलतोय हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार. घामाने डबडबलेलं तोंड होतं माझं. तरी ते 'बरं' म्हणाले आणि आत गेले.

ती बाई कोण होती, कुसुमचा आवाज घेऊन सातासमुद्रापार कोण आलं होतं, याचा उलगडा मला झालेला नाही आणि आता होईल असंही वाटत नाही. त्याची भीती वाटते. अजूनही संध्याकाळी मागच्या खोलीत मी दिवा लावल्याशिवाय जात नाही. पण शालिनीताईंनी फोन ठेवण्याआधी जे विचारलं, ते त्याहून जड आहे.

"मग ते गेले कशाला?"