फळ्यावरचा बुधवार

ओडिलकाकांबद्दल लिहायला सगळ्यात नालायक माणूस मी आहे. पण गावात दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर चुकीचं लिहील, म्हणून मीच बसलो.

काकांनी चाळीस वर्षं आमच्या मीर्वेल्डेत टपाल वाटलं. पण टपालवाले म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. ते टायर चिकटवणारे. आमच्याकडे हिवाळ्यात क्रॉसच्या सायकल शर्यती होतात, चिखलातून, वाळूतून, गवताच्या तिरक्या उतारांवरून. त्या सायकलींना जो टायर लागतो त्याच्या पोटातच ट्यूब शिवलेली असते. रिमला धरून राहायला त्याच्यात तार नाही की कडा नाही, नुसतं सोल्युशन. शिवाय हवा अगदी कमी ठेवायची, नाहीतर चाक चिखल धरत नाही. म्हणजे टायर रिमवर राहणार की सुटणार, हे सगळं चिकटवणाऱ्याच्या हातात. काकांनी एकतीस वर्षं गावातल्या पोरापोरींची चाकं चिकटवली आणि एकही सुटलं नाही.

त्यांची रीत ठरलेली होती. रिमवर सोल्युशनचा एक हात द्यायचा आणि एक दिवस थांबायचं. दुसरा हात, पुन्हा एक दिवस. तिसऱ्या हातावर टायर चढवायचा आणि चाक घरामागच्या शेडमध्ये हुकाला टांगायचं. मग दोन पूर्ण दिवस त्याला शिवायचं नाही. हुकांच्या वर काळा फळा होता. ज्या दिवशी टायर चढवला तो वार काका हुकाच्या वर खडूने लिहून ठेवायचे. शेडला कुलूप कधी नव्हतं, कारण काकांच्या हुकावरचं चाक त्यांना न विचारता काढील असा माणूस गावात जन्माला आलेला नाही, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

माझी मुलगी ग्रीट तेव्हा बावीस वर्षांची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिची पहिली चाकंही काकांनीच चिकटवली होती. त्या रविवारी आमच्याच गावात शर्यत होती आणि पहिल्या पाचांत येणाऱ्या मुली प्रांताच्या संघात जाणार होत्या. आदल्या दिवशी सकाळी काका आणि मी रबरी बूट घालून शर्यतीची सगळी वाट चाललो. काका दर पन्नास पावलांवर थांबायचे, टाच जमिनीत रुतवायचे आणि खड्ड्यात किती पाणी येतं ते वाकून बघायचे.

"मधल्या उंचीच्या दातांचे टायर लाव," ते म्हणाले. "वर चिखल आहे, पण खाली गवताची मुळं आहेत. मुळं धरतात."

"दुपारनंतर पाऊस सांगितलाय, काका."

"पाऊस सांगणारा सांगतो. त्याला कुठे उतरावरून जायचंय?"

"उंच दातांचे लावले तर? ते नवे टांगलेत ते?"

"ते काल संध्याकाळी चढवलेत. ते पुढच्या रविवारचे." मग माझ्याकडे बघून हसले. "लिव्हेन, तू फरशा बसवतोस ना लेका? तुला सांगायला हवं होय?"

हो, मी फरशा बसवतो. वीस वर्षं लोकांना सांगत आलोय, दोन दिवस पाय ठेवू नका. आणि तरीही दुपारी पाऊस सुरू झाला तसा मी घरात येरझारा घालायला लागलो. खिडकीतून बघत होतो, अंगणात तळं साचत होतं. पोरीची एकच संधी, आणि म्हातारा मुळांच्या गोष्टी सांगतोय. एका दिवसाने काय बिघडतंय, असं मी मोठ्याने म्हणालो. घरात ऐकायला कुणी नव्हतं, हे बरं की वाईट, अजून ठरवता येत नाही.

काका आणि आग्नेसकाकू आल्स्टला बहिणीकडे जेवायला गेले होते. मी शेडमध्ये शिरलो आणि ती उंच दातांची चाकं काढली. वर खडूने लिहिलं होतं, शुक्रवार. रिकाम्या हुकावर शुक्रवार दिसला तर काका उद्या सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहतील, हे कळत होतं. मी बाहीने शुक्रवार पुसला आणि बुधवार लिहिला. त्यांच्यासारखंच अक्षर काढलं. एवढी अक्कल होती, तीही नको तिथे चालली.

रविवारी शर्यतीला अर्धा तास असताना काका आले. ग्रीट पलीकडे अंग गरम करत होती. काकांनी सायकल बघितली आणि कपाळाला आठी पडली.

"ही शुक्रवारची ना?"

तेव्हा हो म्हणायला काय जात होतं? गाडीत मधल्या दातांची जोडी होती. चाकं बदलायला दोन मिनिटं लागतात. पण तोंडातून निघालं, "नाही हो काका. फळ्यावर बुधवार आहे."

"बुधवार?"

"मी स्वतः वाचला."

त्यांनी पुन्हा एकदा टायरकडे बघितलं. मग म्हणाले, "थांब, बघून येतो." त्यांचं घर वाटेपासून दोन गल्ल्यांवर. ते गेले, आणि मी चाकाला हात लावला नाही. ते परत आले तेव्हा धापा टाकत होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर वळवली.

"बुधवारच आहे," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो, मला शुक्रवार वाटत होता. कमाल झाली." त्यांनी अंगठ्याने दोन्ही टायर दाबून बघितले, थोडी हवा सोडली आणि ग्रीटला सायकल दिली. "जा पोरी. चिकटलेलं आहे."

शेवटून दुसऱ्या फेरीत ग्रीट पाचवी होती. चर्चमागच्या तिरक्या उतारावर तिने सायकल आत झुकवली आणि पुढचा टायर रिमवरून सोलून निघाला. ती खांद्यावर पडली. खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी दोरीच्या या बाजूने ऐकला.

तिला गाडीत घालेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. मागे वळून बघितलं तर काका चिखलात उकिडवे बसलेले, चाक मांडीवर, उघड्या रिमवरून बोट फिरवत होते. बोटाला सोल्युशनची तार लागली.

"चार दिवसांनी ओलं," ते म्हणाले, माझ्याशी नाही, चाकाशीच. "म्हणजे मी जास्त थापलं. थापलं आणि कळलंसुद्धा नाही."

मी तेव्हाही बोललो नाही. ग्रीटचं कारण होतंच, दवाखान्यात जायचं होतं. पण संध्याकाळी क्लबच्या कँटीनमध्ये मला कुठे जायचं होतं? तिथे आमचे अध्यक्ष कामिल म्हणाले, "ओडिलचे हात गेले आता." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण पोरगी माझी पडली होती. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चालायचंच. वय झालं त्यांचं. मी त्यांना काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका." विल्फ्रिडा कँटीन चालवते, तिने डोळे पुसत मला फुकट बिअर दिली. आणि मी ती प्यायलो.

ग्रीटचं हाड सहा आठवड्यांत जुळलं. पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा शर्यतीत उतरली, दुसऱ्या गावातून चाकं चिकटवून घेऊन. काकांनी मात्र त्या आठवड्यातच तळघरात वर्षानुवर्षं मुरायला ठेवलेले सगळे टायर वाटून टाकले. शेड धुतली. मी त्यांच्या घराकडे जायचं टाळायला लागलो, खाई त्याला खवखवे म्हणतात तसं. रस्त्यात दिसले की मीच हात वर करून पुढे सटकायचो. लोक म्हणायचे, बघा, लिव्हेनने मनात काही ठेवलं नाही.

दोन वर्षं अशी काढली. मग आग्नेसकाकूंचा फोन आला, न्हाणीघराची फरशी उखडलीय, येशील का. नाही कसं म्हणणार? गेलो. तिथे आरशाशेजारी एक कागद चिकटवला होता. त्यावर काकांच्या अक्षरात: आज मंगळवार. गोळी घेतली. दार लावलं. खाली आदल्या दिवसाचा कागद, त्याखाली त्याच्याही आदल्या दिवसाचा.

"हे काय, काकू?"

"त्यांचं चालतं," काकू म्हणाल्या. "स्वतःच्या डोक्यावर भरवसा नाही म्हणतात. गाडी चालवणं सोडलं. पत्ते खेळायला बोलावलं तर जात नाहीत, पानं विसरीन म्हणतात. डॉक्टर दोनदा तपासून म्हणाले, काही नाही झालेलं. पण ऐकतो कोण? म्हणतात, डॉक्टरने तो फळा कुठे बघितलाय."

मी गुडघ्यांवर बसून फरशा बसवत राहिलो. दुपारपर्यंत काम झालं. काका दारात आले. त्यांनी नव्या फरशीकडे बघितलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "पाय कधी ठेवायचा?"

"दोन दिवस नाही," मी म्हणालो. "नाहीतर सुटेल."

काकूंनी जेवायला सूप मांडलं होतं. मी चमचा उचलला नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं, बाहीने पुसलं तेही, बिअर प्यायलो तेही. वर बघायची हिंमत नव्हती.

"शुक्रवार होता?" काकांनी विचारलं.

"शुक्रवार होता, काका."

ते वळले. "आग्नेस, शुक्रवार होता."

"ऐकलं," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्यासमोरची सुपाची वाटी उचलून मोरीत ओतली. "लिव्हेन, हा माणूस सकाळी उठून आधी आपलं नाव बरोबर आठवतंय का बघतो. तुला माहीत होतं?"

"नाही."

"विचारलं असतंस तर कळलं असतं."

मला वाटलं होतं काका शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं, तू विसरायला लावलंस. चौघांत सांग."

ग्रीटला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने नुसता खांद्यावर हात ठेवला, स्वतःच्या, आणि म्हणाली, "मी दोन वर्षं काकांना टाळलं, बाबा. तुमच्यामुळे." मग तिने माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून तुरळकच आहे.

पुढच्या रविवारी शर्यत संपल्यावर कँटीन खच्चून भरलं होतं. काका आणि काकू खिडकीजवळच्या टेबलावर कोट घालूनच बसले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा आले होते. मी उभा राहिलो, ग्लासवर चमचा वाजवला आणि सांगितलं. चाक मी काढलं, वार मी बदलला, टायर ओला होता, काकांच्या हाताची काही चूक नव्हती.

मग विल्फ्रिडाने रुमाल काढला. "लिव्हेन," ती म्हणाली, "तुझ्या आईने तुला चांगलं वळण लावलंय रे."

"विल्फ्रिडा, मी खरं सांगतोय."

"हो रे बाबा, खरंच."

कामिल उठून माझ्याजवळ आले. पाठीवर थाप मारून सगळ्यांना म्हणाले, "स्वतःची पोर पडली तरी म्हाताऱ्यासाठी दोष अंगावर घेतो. असा शेजारी बघितलाय कुठे?" टाळ्या पडल्या. मी ओरडलो की तुम्ही बहिरे आहात का, मी चोरी केली, मी खोटं लिहिलं. त्यावर अजूनच टाळ्या पडल्या. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "पुरे आता, जास्त करू नकोस, ओडिलला अवघडल्यासारखं होतंय." ग्रीट उभी राहून म्हणाली, "बाबांनी खरंच केलंय." तर तिच्याकडेही कौतुकाने बघायला लागले, बघा, पोरगीही बापावर गेलीय.

दोन वर्षं मी मोठ्या मनाचा माणूस म्हणून मिरवलो. आता त्या मोठ्या मनाखाली माझं खरं गाडलं गेलं. कुणाला दोष देऊ?

काका उठले. काकू बोळकांडीत ओळखीच्या बाईशी बोलत थांबल्या, म्हणून मी काकांना घरापर्यंत सोडायला निघालो. बाहेर शेंगदाण्याएवढ्या गारा पडून थांबल्या होत्या, गाड्यांच्या चाकांनी चिखल रस्त्यावर आणला होता. ते माझा हात धरून सावकाश चालत होते. चर्चच्या कोपऱ्यावर थांबले.

"लिव्हेन, एक विचारू?"

"विचारा."

"आता आपण दोघेच आहोत. मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगितलंस?"

"काका, ग्रीटची शपथ. शुक्रवार होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खूप मायेने. मग माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

"बरं, बरं," ते म्हणाले. "शुक्रवार तर शुक्रवार."