आमचा हिरवा

हुमनाबादच्या आमच्या गल्लीतल्या अक्का घरीच मेणबत्त्या करतात. पूर्वी वीज गेली की गल्लीत मेणबत्त्यांची उसनवारी चाले आणि मग कुणाची कुठली यावरून भांडणं होत. म्हणून अक्कांनी प्रत्येक घराला एक रंग ठरवून दिला. आमचा हिरवा. पातळ मेणात रंग गडद दिसतो, म्हणून त्या थेंबभर मेण थंड ताटलीवर टाकून बघत आणि म्हणत, "फिकं हाय अजून."

आई गेल्यावर यंदा मी घर विकायला गेलो. आता वीज फारशी जात नाही, तरी अक्कांच्या शेगडीवर मेण होतंच.

"घर इकायलास व्हय?"

"व्हय, अक्का. नव्या लोकांना हिरवा द्या आता."

त्यांनी ताटलीवर थेंब टाकला. हिरवाच होता.

"त्यांना जांभळा देते की. ह्यो तुझ्या आईचा हाय."