जानव्याला बांधलेलं चुंबक

जानव्याला लोक कपाटाची किल्ली बांधतात. आमच्या रॅकेटमहाराजांनी लोहचुंबक बांधलं होतं. अमरावतीहून एसटीनं ते अकोल्याला माझ्या भंगाराच्या दुकानी यायचे, उपरणं बाजूला सारायचे, सदऱ्यात हात घालून जानवं ओढायचे आणि ते काळं चुंबक ढिगातल्या टेनिसच्या रॅकेटीला लावायचे. चिकटलं की म्हणायचे, "पोलाद." नाही चिकटलं की डोळे मिटायचे. "जर्मन." आमच्या धंद्यात अ‍ॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. चुंबक मीच दिलं होतं, एका फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढून.

धंदा त्यांचा भिक्षुकीचा. त्यातही स्मशानातला आणि दहाव्या-तेराव्याचा, म्हणून लग्नामुंजीत त्यांना कोणी बोलवत नसे. टेनिस ते जन्मात खेळले नाहीत. लहानपणी कॅम्पातल्या साहेब लोकांच्या क्लबाच्या जाळीला नाक लावून उभे राहायचे, एवढंच. मी एकदा विचारलं, "महाराज, खेळत नाही, इकत नाही, मंग जमवता काहून?"

म्हणाले, "बाप म्हने, भिक्षुकाच्या पोरानं चड्डीवर पळू नये. बाप मेला तवा माहे गुडघे गेले होते. आता तूच सांग, मी काय करू?"

लाकडी रॅकेटीला ते हात लावत नसत. "तिले वाळवी खाते. मले आपल्यामागं राहीन असं पाह्यजे."

चुंबक झालं की कान. बोटाच्या पेरानं दांड्यावर टिचकी मारून ऐकत बसायचे. "पोलाद ओरडते, भाऊ. जर्मन कुजबुजते." मग मुठीवरचं कातडं हळूच उलगडून खालचा ठसा बघायचे. काही पोलादी रॅकेटींच्या डोक्याला आतून बारीक तार वेटोळी फिरवलेली असते आणि जाळीचे दोरे त्या तारेत अडकवलेले असतात. माझी माणसं पहिल्यांदा ती जाळीच तारेसकट कापायची, कारण धातूत नायलॉन चालत नाही. एकदा महाराजांनी ते पाहिलं आणि अशी शिवी दिली की समोरचा चहावाला किटली घेऊन बाहेर आला. "तार कापली का रॅकेट मेली! मंग काय, मी तिचंही तेरावं करू?"

बाकीच्या रॅकेटी त्यांना मेलेल्यांच्या घरून मिळाल्या. तेरावं उरकलं की यजमानाला म्हणायचे, "दक्षिणा राहू द्या. माळा पाहू द्या." लोक मागं नावं ठेवायचे, म्हातारा मढ्याच्या घरी माळे धुंडाळते म्हणून. त्यांच्या कानावर जायचं. ते माळ्यावर चढायचेच.

चितेवर मात्र ते धातू ठेवू देत नसत. कोणी बापाचं घड्याळ ठेवलं, चष्मा ठेवला, की स्वतः उचलून पोराच्या हाती द्यायचे. "अग्नीले लाकूड द्या, तूप द्या. धातूचं तिथं काम नाही."

सगळ्यात जीव त्यांचा एका जर्मनवर होता. बाळापूरच्या एका फेरीवाल्याच्या गाडीवरून ती माझ्याकडे आली होती. निळा रंग अर्धा उडालेला, जाळी धड. महाराजांनी चुंबक लावलं, टिचकी मारली आणि तिथंच पोत्यावर बसले. "अशीच होती. जाळीपलीकडून पाह्यली होती." जाताना म्हणाले, "भाऊ, माह्या मागं यातली एकही भट्टीत जाऊ देऊ नको."

मी म्हणालो, "भट्टीत गेली त कढई होईन, महाराज. त्यात वाईट काय?"

"भट्टीत सारे सारखे होतात. मले तिचं तोंड ओळखू आलं पाह्यजे."

मी शब्द दिला. मी फारसा शिकलेला नाही, पण शब्द काय असतो ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

महाराज गेल्याचा निरोप आला तसा मी अमरावतीला गेलो. मुलगा पुण्याहून आला होता. चिता रचून झाली तेव्हा त्यानं पिशवीतून ती निळी रॅकेट काढली आणि बापाच्या छातीवर ठेवली. "बाबांचा फार जीव होता हिच्यावर." भोवतीच्या बाया रडायला लागल्या. तिथला भटजी तरुण होता. म्हणाला, भावना आहे, राहू द्या.

मी पुढं झालो. "काढा ते! त्यायले चालत नोतं!" मी रॅकेटीला हात घातला तोच कोणीतरी माझं मनगट धरलं. मागून त्यांचा एक सोयरा बोलला, "हा अकोल्याचा भंगारवाला. मढ्यावरचाही माल सोडून नाही राहिला." दोघांनी मला धरून मागं नेलं. मुलानं अग्नी दिला.

राख सावडायच्या दिवशीही मी गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. अस्थींबरोबर मुलाच्या हाती एक पांढुरका गोळा आला. तो उलटापालटा करून म्हणाला, "काका, हे काय आहे हो?"

"तुमच्या बाबाची रॅकेट."

त्यानं तो खाली ठेवला नाही. धरून तसाच उभा राहिला. राखेत एक काळा तुकडाही होता, तो मी उचलला. घड्याळ, अंगठी सगळं घरच्यांनी काढून घेतलं होतं. सदऱ्याआतल्या जानव्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

नंतर मुलाचा फोन आला. घर विकायचं आहे, बाकीच्या रॅकेटी भंगारात घेऊन जा. उचलल्या तर त्या सोयऱ्याचं बोलणं खरं ठरणार होतं. मला कोणी असं बोललं तर मी त्याच्या दारात पाय ठेवत नाही. चार दिवस मी गेलो नाही. मग गेलो. भरदुपारी, उघडा टेम्पो घेऊन. सोयरा ओट्यावरच होता. म्हणाला, "आले का?" मी म्हणालो, "आलो." आणि एकेक रॅकेट त्याच्यासमोरून नेली.

आता त्या रॅकेटी माझ्या दुकानात भिंतीला टांगलेल्या आहेत. गिऱ्हाईक वजनकाट्याकडे बोट दाखवतं, मी नाही म्हणतो. माझ्यामागं त्यांचं काय होईल ते मला दिसतं. माझ्या पोरांना माल दिसतो, तोंड दिसत नाही.

तो काळा तुकडा माझ्या खिशात असतो. आगीत चुंबकाची ओढ मरते, हे धंद्यात मला ठाऊक आहे. तरी दुकान उघडलं की पहिल्यांदा तो पोलादी रॅकेटीला लावून पाहतो. खाली पडतो. उचलून पुन्हा खिशात ठेवतो.